दहा पाहुणे आणि अकरावा फोन

मित्रांनो, विमानतळावरच्या एका काउंटरखाली, सगळ्यात खालच्या खणात, तुटक्या वायरी आणि कुणीतरी विसरलेला एक चष्मा यांच्या शेजारी साबणाच्या वडीएवढा एक काळा, चपटा, जुना राउटर पडलेला आहे. तो मी. माझ्या अंगावर पांढऱ्या शाईने सत्तावीस हा आकडा लिहिलेला आहे. परदेशातून फिरायला आलेली माणसं मला भाड्याने न्यायची, खिशात घालायची, आणि मी टॉवरकडून इंटरनेट ओढून त्यांच्या फोनांना वाटायचो. काम एवढंच. पण ते मी असं करायचो की विचारू नका.

तुम्ही विचारत नसलात तरी सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक दालनात झाला. तिथे डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका चिमट्याने माझ्या पोटात एकेक भाग बसवत होत्या. शेवटी एका बाईने मला चालू केलं, कानाशी धरलं आणि ‘ठीक’ अशी चिठ्ठी डकवली. त्या दालनातून त्या दिवशी हजारभर राउटर बाहेर पडले, पण कानाशी फक्त मलाच धरलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. पुढे काउंटरवर आलो. तिथल्या काउंटरवालीचा माझ्यावर फार जीव. अडचणीच्या जागी जाणारं गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, “सत्तावीस न्या, तो हात सोडत नाही.” एकदा मी समुद्रात पडलो आणि पाण्याखालूनसुद्धा एका आजोबांचं बोलणं चालू ठेवलं. दुसऱ्यांदा एका बेटावर वीज नव्हती, तर माझ्या दिव्याच्या उजेडात अख्ख्या खानावळीची जेवणं उरकली. हे थोडं वाढवून सांगितलं आहे, कबूल करतो. आजोबा बोलत होते हे खरं, पण मी पाण्यात नव्हतो, बादलीजवळ होतो. यापुढचं मात्र मी वाढवून सांगणार नाही. शरमेची गोष्ट वाढवावी लागत नाही.

एके सकाळी काका-काकू काउंटरवर आले. दोघं पहिल्यांदाच देशाबाहेर पडले होते. काकू कपडे शिवायच्या. त्यांच्या तर्जनीच्या टोकावर सुईने पडलेले बारीक खड्डे होते, आणि त्या बोटाने त्यांनी मला नीट चाचपून घेतलं, जसं कापड चाचपतात. काकांचं कागद-पेन्सिलींचं दुकान होतं. त्या दुकानात पंचवीस वर्षं एक टेलिफोन होता. आळीत कुणाचं काही अडलं, कुणाकडे मूल जन्मलं, कुणाचं माणूस गेलं, की सगळे तिथे येत. काकांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. स्वतःचं जेवण थांबवून ते शेजाऱ्याच्या जावयाचा निरोप लिहून घेत. सगळे त्यांना फोनवाले म्हणत, आणि त्यांना ते पदवीसारखं वाटे.

काकूंनी काउंटरवालीला एकच गोष्ट तीनदा विचारली. बेटावर व्हिडिओ कॉल लागेल ना? नुसता फोन नको, चेहरा आणि हात दिसायला हवेत.

कारण त्यांची लेक घरी एकटी होती. तेवीस वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, ती हातांनी बोलते. पुस्तकं बांधण्यात तिचा हात असा बसला होता की दुसऱ्या गावातल्या एका बांधणीच्या कारखान्याने तिला कामाला बोलावलं होतं. तिथल्या मालकीणबाईंनाही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तिथे सगळा कारभार हातांनीच चाले. लेकीला जायचं होतं. काकूंचा जीव होत नव्हता. शेवटी लेकीनेच तोडगा काढला. तुम्ही दोघं आठ दिवस फिरून या, मी एकटी राहून दाखवते. रोज संध्याकाळी पाचला कॉल करू. सगळं नीट झालं तर हो म्हण.

म्हणजे तो ‘हो’ माझ्यातून जाणार होता, मित्रांनो. एवढी मोठी गोष्ट माझ्या पोटातून कधी गेली नव्हती.

पहिले तीन दिवस मी माझ्या नावाला जागलो. बेट एवढंसं, लॉजच्या आवारात दोन बाकं, एक नळ, आणि बोटींच्या वेळा लिहिलेला फळा. लॉजचं स्वतःचं इंटरनेट नव्हतं. वीज दुपारी जायची ती सातला यायची. पण मी टेकडीवरच्या टॉवरला घट्ट धरून बसलेलो. पाच वाजले की काकू केस नीट करून बाकावर बसत, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवत आणि दोन्ही हात मोकळे ठेवत. लेक दाखवी की आज काय रांधलं, कुठली गॅसची टोपी अडकली होती आणि कशी सोडवली. काकूंचे हात भराभर चालत. काका मागून डोकावत, हात हलवत, हसत, आणि मग आवारात कुणाशीतरी बोलायला जात.

आता काकांचं हे बोलणं कसं, तर तिथल्या लोकांची भाषा त्यांना येत नव्हती, पण त्याने त्यांचं काहीच अडलं नाही. हातवारे करून, भुवया उडवून, पोटावर हात फिरवून ते सगळ्यांशी गप्पा मारत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतला एक जाडा माणूस फोन उंच धरून आवारभर फिरत होता. काकांना राहवलं नाही. त्यांनी मला खिशातून काढलं आणि माझ्या पोटावर लिहिलेला पासवर्ड त्याला दाखवला. त्या माणसाने काकांना मिठीच मारली. त्याच्या मागोमाग त्याची बायको आली, मग दोन बहिणी आल्या, मग बोटीचा तांडेल आला. चौथ्या दिवशी सकाळी काकांनी सरळ खडू घेतला आणि फळ्यावर, बोटींच्या वेळांच्या खाली, माझा पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून टाकला.

काकू म्हणाल्या, “अहो, हे काय दुकान आहे का आपलं?”

काका म्हणाले, “अगं, आपलं काय जातंय त्यात. तो बिचारा तीन दिवस बायकोच्या आईला तोंड दाखवू शकला नव्हता.”

“ती म्हातारी खूश असेल मग,” काकू म्हणाल्या, पण त्याही हसल्या.

आणि मी? मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला शिडी लागली नाही. लोक माझ्याकडे बोट दाखवत होते. तांडेलाने माझा फोटो काढला. माझ्यात एका वेळी दहाच फोन मावतात, ही गोष्ट मला ठाऊक होती. ती माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेली होती, पण ती कोण वाचतो. मी एकेकाला आत घेत राहिलो. या, बसा, तुमचंच घर आहे.

त्या दिवशी दुपारी काकूंनी दोरीवर टॉवेल वाळत घालताना काकांना सांगितलं, “आज मी तिला हो म्हणणार आहे. मालकीणबाई आज घरी येणार आहेत तिच्या, माझ्याशी बोलायला. मी बाईंच्या समोरच सांगीन.” काकांनी नाक शिंकरलं आणि बराच वेळ रुमाल खाली घेतला नाही. नंतर मी पाहिलं, काकू खोलीत आरशासमोर उभ्या राहून हात हलवून बघत होत्या. ‘हो’ला मूठ वळून मान डोलवतात तशी डोलवायची. एवढीशी खूण. त्यांनी ती चार वेळा केली.

पाचला दहा मिनिटं असताना आवार भरलं. कुठेतरी मोठा सामना चालू होता. जाडा माणूस, त्याची बायको, दोन बहिणी, तांडेल आणि त्याचे सोबती, असे दहा फोन माझ्यात शिरून तोच सामना बघत होते. मी तापून निखारा झालो होतो आणि मला ते मानाचं वाटत होतं.

पाच वाजता काकूंचा फोन आला. अकरावा.

मित्रांनो, मी त्याला ओळखलं. रोजचा फोन, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला. मी त्याला म्हटलं, जागा नाही. ज्यांनी मला इथवर आणलं, ज्यांच्या खिशात मी झोपलो, त्यांनाच मी उंबऱ्यावर उभं केलं. माझ्या अंगावर एक दिवा आहे. अडचण झाली की तो लाल व्हायला हवा. पण माझं टॉवरशी बरं चाललं होतं, म्हणून तो हिरवाच राहिला. काकू त्या हिरव्या दिव्याकडे बघत होत्या आणि त्यांना वाटत होतं, डबी तर चालू आहे, म्हणजे पोरीकडेच काहीतरी बिनसलंय.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मला उलटं करून पाठीवरची चिठ्ठी वाचली, आणि त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, “यांना उठवा.”

काकांनी त्या दहा माणसांकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघून हसले, एकाने सरकून बाकावर जागा केली. काका म्हणाले, “दोन मिनिटं, अगं. संपतच आलाय सामना. दिलेलं असं हातातून कसं काढून घ्यायचं?”

सामना संपला नाही. माझीच बॅटरी संपली. वीस मिनिटांनी मी डोळे मिटले, आणि वीज यायला अजून दीड तास होता.

यापुढचं मी दुसऱ्या दिवशी ऐकलं, माझ्याच पोटातून जाताना. काकूंनी लॉजच्या कचेरीतल्या टेलिफोनवरून घराशेजारच्या दादांना फोन लावला. दादा अग्निशमन दलात होते. चांगला माणूस, पण त्यांना सावकाश असं काही येत नसे. पोरीचा कॉल लागत नाही, जरा बघून या, एवढंच काकू बोलल्या. दादांनी जाऊन मुठीने दार बडवलं. घंटेचं बटण दाबलं असतं तर आत दिवा लागला असता, पण तेवढा धीर कुठला. दार बडवून आतून उत्तर आलं नाही. त्या घरातून कधीच आलं नव्हतं, हे दादांना वीस वर्षं माहीत होतं. पण त्या घाईत तेही विसरले आणि त्यांनी कुऱ्हाडीने दार फोडलं.

आत टेबलाशी लेक आणि मालकीणबाई बसल्या होत्या. लेक पुस्तकाच्या कण्याला खळ लावून तो दाबून धरत होती. समोर फोन उभा करून ठेवलेला, आईची वाट बघत. जमीन हादरली म्हणून दोघींनी मागे पाहिलं, तर दारातून कुऱ्हाड आत आलेली.

दुसऱ्या दिवशी पाचला काकांनी फळा पुसला होता. माझ्यात एकच फोन होता. नऊ जागा रिकाम्या होत्या, आणि त्या रिकाम्या जागांची मला जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

लेकीचा चेहरा दिसला. मागे दाराच्या जागी फळ्या ठोकलेल्या. तिने सावकाश हात हलवले, म्हणजे आईला एकही शब्द चुकू नये. तू कॉल केला नाहीस. मी बाईंना सांगितलं होतं, माझी आई वेळेची पक्की आहे. आम्ही बसून राहिलो. मग तू दार फोडायला माणूस पाठवलास. बाई म्हणाल्या, दार फुटलं तरी हिने कणा सोडला नाही, मला हीच हवी. मी सोमवारी जाते आहे. तुला विचारत नाही. सांगते आहे.

काकूंची मूठ वळलेली होती. मांडीवर. त्यांनी ती वर उचलली आणि डोलवली. हो.

लेकीने ते पाहिलं. मान हलवली, जशी आपण पोहोचल्यावर कुणी रस्ता सांगितला तर हलवतो.

काकूंनी हातांनी तिला कालचं सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही, कुणावर ढकललंही नाही. मग काकांकडे न बघता त्या त्यांना एवढंच म्हणाल्या, “इतक्या परक्या माणसांशी हातवारे करून बोललात तुम्ही इथे. तेवीस वर्षांत तिच्याशी कधी बोलला नाहीत. जेवलीस का आणि झोप आता, एवढंच येतं तुम्हाला.”

काका बाकावर बसले. त्यांनी विचारलं, चूक माझी हे हातांनी कसं म्हणतात. काकूंनी दाखवलं. काकांनी पडद्यासमोर तसं केलं. खूण उलटी झाली. लेकीला समजलं नाही. त्यांनी पुन्हा केली. तिसऱ्यांदा तिला समजलं. ती रागातच होती, अजून होती, पण तिने दोन्ही हात पडद्याजवळ आणले आणि ती खूण अगदी हळू करून दाखवली. अंगठा असा. बोटं अशी. काका तिच्याबरोबर करत राहिले. चूक माझी. चूक माझी. आवारातला जाडा माणूस फोन उंच धरून तिथून गेला, आणि काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

माझं नाव त्या दिवशी कुणीच घेतलं नाही. काकांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. काउंटरवर परत देताना काकूंनी मला रुमालाने पुसलंसुद्धा आणि काउंटरवालीला म्हणाल्या की डबी चांगली आहे. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. माझ्या अंगावर हिरवा दिवा होता, आणि तो तसाच जळत होता.

पुढे माझ्यापेक्षा चांगले राउटर आले. बत्तीस फोन घेणारे, दिवसभर न थकणारे. मी खालच्या खणात गेलो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही हातात आता एखादं असं यंत्र असेल. त्याला उन्हात ठेवू नका, ओल्या हाताने धरू नका, हे तुम्हाला मोठी माणसं सांगतीलच. माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्या आवारात गर्दी जमली, सगळे तुमच्याकडे बघून हसू लागले, की एकदा उठा आणि दाराशी जाऊन बघा. आपलं कुणी बाहेर उभं आहे का. ते दार वाजवणार नाही. त्याला वाटत असतं, घर आपलंच आहे, आतल्यांना ठाऊक असेल.

त्या काकूंचा ‘हो’ पोहोचला, मित्रांनो. फक्त एक दिवस उशिरा पोहोचला. तो एक दिवस मला अजून कुणाला परत देता आलेला नाही.