खोबरेल पाजलेला चाप

मी फौजेत होतो हे आमच्या कासू गावात सगळ्यांना ठाऊक. तिथं स्टोअरमध्ये बटाटे मोजायचो, हे फक्त सगुणाला, म्हणजे माझ्या बायकोला. त्याच फौजेच्या जोरावर लायसन्स काढलं, रिव्हॉल्वर घेतलं आणि रोह्याच्या एका कंपनीत गनमन झालो. नऊ वर्षं तिथल्या अष्टमी गावच्या पुलावरून छाती काढून चाललो. लोक वाट द्यायचे. निदान मला तसं वाटायचं.

गेल्या वर्षी कंपनीनं नेमबाजीची परीक्षा काढली. सहातल्या दोनच गोळ्या लागल्या. मॅनेजर म्हणाले, "महिन्यानं परत. चार लागल्या नाहीत, तर गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे."

माझं धाबं दणाणलं. घरी मात्र ठणकावून सांगितलं, "चाप जड झालाय. नायतर या गुणाजीचा नेम चुकंल?"

पेणला काळुराम परवान्यावर बंदुका दुरुस्त करतो. रिकामं रिव्हॉल्वर त्याच्यापुढं ठेवून म्हटलं, "स्प्रिंग बदल." त्यानं चापाला ताणकाटा अडकवून ओढला. आठ किलो. मग बाजूची पट्टी उघडली.

"हे बघा, गुणाजीभाऊ. एवढ्याशा बोटानं घोडा मागं न्यायचा, गोळ्यांची चक्री फिरवायची, वर दोन स्प्रिंगांचा जोर. एक घोड्याची, एक चाप परत पुढं आणणारी. दोन्ही ठीक हायत. पण पार्ट जिथं एकमेकांवर घासतात ना, तिथं काहीतरी बसलंय."

चिमट्यानं त्यानं पिवळा-लाल चिकट गोळा काढला. त्यातून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला.

"अक्षता?" काळुराम माझ्याकडं बघतच राहिला.

काय सांगणार, कपाळ! दर खंडेनवमीला मी हत्याराची पूजा करायचो. हळद, कुंकू, अक्षता, आणि वर खोबरेल, घोडा मागं ओढून फटीतून पार आत. सगुणा ओरडायची, "अवो, वरून लावा, आत कशाला?" मी म्हणायचो, "तुला काय कळतंय गो हत्यारातलं?"

काळुराम पोट धरून हसला. सगळं धुऊन, पुसून, जोडून पुन्हा काटा लावला. पाच किलो. मी मिशीला पीळ देत घरी आलो.

परीक्षेला चाप काय अलगद आला, व्वा! सहा बार काढले. कागदावर भोक एकच, बाकी पाच वाऱ्यावर.

मॅनेजर जवळ येऊन हळूच म्हणाले, "गुणाजी, दर बाराला तुम्ही डोळे मिटता. दोन्ही."

"साहेब, चाप..." मी सुरुवात केली, पण चाप आता ठीक होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नऊ वर्षं मिटतच असणार, बघणारंच कोणी नव्हतं.

आता गेटवर नंबर लिहितो. परवा खंडेनवमीला सगुणानं पाटावर रिव्हॉल्वर ठेवलं, शेजारी माझं बॉलपेन. खोबरेलाची वाटी माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "ओता."

"नको गो," मी म्हटलं. "तूच लाव. वरून."