हक्कसोडीची साडी

बोनकोड्यात भावाच्या घरी आलं की आधी चहा, मग चौकशी, असा शेवंताबाईचा नेम होता. पण त्या गुरुवारी तिला चहा कुणी विचारलाच नाही. तिचा धाकटा भाऊ वामन सोफ्यावर तोंड फुगवून बसला होता, त्याचा मुलगा मिथुन एक कागद हातात नाचवत होता, आणि टीपॉयवर टेकवलेल्या मोबाइलमधून वामनची लेक जागृती रडवेल्या आवाजात बोलत होती, थेट मेलबर्नहून.

जागृती म्हणजे या घरातली पहिली इंजिनिअर. "पोरगी शिकून काय दिवे लावनार" म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून ती ऑस्ट्रेलियाला नोकरीला गेली आणि आता तिथे स्वतःच्या नावावर नवं घर घेत होती. शेवंताबाईने ही बातमी घणसोलीच्या मासळी बाजारात इतक्यांदा सांगितली होती, की कोळणी तिला लांबून बघूनच "भाचीचा घर झाला का गो?" म्हणून चिडवायच्या.

भाचीचं घर मात्र अडलं होतं. तिचा व्हिसा पडला चार वर्षांचा. उद्या मायदेशी परतू शकणाऱ्या माणसाला बँक सुखासुखी कर्ज देते होय? आधी स्वतःचे जास्त पैसे भर, असं बँक म्हणाली. कमी पडले ते वामनने देऊ केले. सिडकोने वडिलांच्या शेतजमिनीच्या बदल्यात दिलेल्या प्लॉटवर त्याची चार मजली बिल्डिंग उभी होती, त्यामुळे पैशाचं त्याला जड नव्हतं. जड झाला तो हा कागद.

मिथुनने आत्यासाठी त्याचं मराठी करून सांगितलं. हे पैसे बक्षीस आहेत, परत मागणार नाही, आणि या घरावर माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहणार नाही. बाप उद्या हिस्सेदार म्हणून उभा राहू नये, यासाठी बँकेला हे लिहून हवं होतं. नोटरीसमोर सही करून उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचं, नाहीतर कर्जही गेलं आणि घरही.

"पैशे माझं, पोरगी माझी, आनि हक्क नाय असा लिवून देऊ?" वामन गरजला. "गावात तोंड कसा दाखवू?"

"बाबा, इथे सगळ्यांचेच आई-बाबा लिहून देतात," जागृती म्हणाली. "तुमी उगाच टेन्शन घेता."

"मी नाय सही करनार."

शेवंताबाई खुर्चीत टेकली. तिला बेलापूरची कचेरी आठवली. पंचवीस वर्षांपूर्वी, हा प्लॉट वामनच्या नावावर व्हायच्या आधी, तो तिला रिक्षात घालून तिथे घेऊन गेला होता. बहिणीने भावासाठी हक्क सोडायचा ही रीतच, त्यात विचारायचं काय? कारकुनाने तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. परतताना वामनने वाशीला थांबून तिला मोरपिशी साडी घेतली. तिने ती हसून घेतली आणि घरी येऊन ट्रंकेच्या तळाशी ठेवली. भावाशी ती भांडली नाही. पण तेव्हापासून या घरातला फ्रीज तिने कधी आपल्या हाताने उघडला नाही. तहान लागली की पाहुणीसारखं पाणी मागायची. वामनच्या ते कधी ध्यानातही आलं नसेल, असं ती समजून चालली होती.

"वामन," ती म्हणाली, "तुला कागद वाचून तरी दाखवला. मना तेवढा पन नाय."

"कंचा कागद?"

"बेलापूरचा."

वामनचा आवाज एकदम खाली आला. "बाय, साडी दिलती ना तुला?"

"दिलतीस. अजून घडी मोडली नाय तिची."

मिथुनने कागद गुपचूप टीपॉयवर ठेवला. शेवंताबाई मात्र आता थांबणार नव्हती. "मी हक्क लिवून दिला, तवा लहान झाले का रं? मंग तू कसा व्हशील? आपल्यात कंच्या बाईच्या नावावर घर हाय? माझ्या नाय, तुझ्या बायकोच्या नाय, आपल्या आयशीच्या तर नव्हताच. ही पयली. परक्या मुलखात, चार वर्साच्या व्हिसावर! आनि सही कराला तिचा बाप आडतो?"

वामन पायाच्या अंगठ्याने लादी खरवडू लागला.

"हक्क सोडला की मानूस पाहुना व्हतो, बाय," तो म्हणाला. "तू पानी पन मागून पितेस. पंचवीस वर्सं बघतंय मी."

बघत होता मेला, आणि एका शब्दाने बोलला नाही! शेवंताबाईला राग आला आणि त्याच्याबरोबरच रडूही आलं.

मोबाइलमधून जागृती म्हणाली, "बाबा, माझ्या घरी तुमी यायचं आणि सरळ फ्रीज उघडायचा. विचारायचं नाही."

शुक्रवारी सकाळी बेलापूरला नोटरीच्या टेबलाशी शेवंताबाई हजर होती, अंगावर मोरपिशी साडी. सिंथेटिक म्हणून टिकली होती, पण घडीच्या रेघा इस्त्री करूनही गेल्या नव्हत्या. वामनने साडी बघितली आणि मान खाली घातली. शेवंताबाईने नोटरीकडून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने, मराठीत वाचून घेतला. मग वामनने झोकदार सही ठोकली.

दहाव्या दिवशी कर्ज मंजूर झाल्याचा फोन आला. शेवंताबाई पेढे घेऊन बोनकोड्याला पोचली, तीच साडी नेसून. वामनने गल्लीभर पेढे वाटले. "पोरीनं सोताच्या नावावर घर घेतला, मेलबर्नला," हे तो प्रत्येक दारात दोनदा सांगत होता, आणि दुसऱ्यांदा आवाज जास्तच चढत होता.

परत आल्यावर तो बहिणीसमोर उभा राहिला. "बाय, तळमजल्यावरचे दोन ब्लॉक तुझ्या नावावर करायचं म्हनतंय."

"कागद आन," शेवंताबाई म्हणाली. "पन आधी वाचून दाखव."

मग ती उठली, पदर खोचून स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीज उघडला. थंड पाण्याची बाटली काढली, स्वतः पोटभर प्यायली, आणि उन्हातून फिरून आलेल्या भावासाठी एक ग्लास भरून बाहेर घेऊन आली.