इंजिनाचं गोडं पाणी

मित्रांनो, मी दमलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. फिरकीचा म्हणजे ज्याचं झाकण आट्यांवर फिरवून घट्ट बसवतात तो. उलटा केला तरी थेंब सांडत नाही, म्हणून पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस आधी मला शोधायचा आणि मग चपला. आता तुम्हाला प्लॅस्टिकची बाटली पुरते. पुरू द्या, माझी तक्रार नाही.

पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला गोल केलं, आतून कल्हई केली आणि परतवाड्याच्या बाजारात एका दुकानात टांगून ठेवलं. तिथे जमुनाबाईंची नजर माझ्यावर पडली. त्यांचे यजमान खुशालराव सत्तावन्न सालच्या निवडणुकीत खासदार झाले होते. माणूस आवाजाने खणखणीत, पण पोटाने भारीच नाजूक. परगावचं पाणी पोटात गेलं की आडवे होत. म्हणून अकोल्याला जठारपेठेतल्या घरी जमुनाबाई पाणी उकळून, गाळून माझ्यात भरत आणि मला त्यांच्या हाती देत. दिल्लीतही तसंच करून घ्यायचं, असं त्या दर वेळी बजावत. खुशालराव मोठ्या सभेत कुणाला ऐकत नसत, पण घरात मान हलवत.

मग माझा संसार आगगाडीतच सुरू झाला. भुसावळला गाडी बदलायची, बाकाखाली लवंडत पडायचं आणि दिल्लीत उतरायचं. संसदेत खुशालराव मला कापडी पिशवीत घालून पायाशी ठेवत. दारावरचा माणूस पिशवीकडे पाहून न पाहिल्यासारखं करी. अशा रीतीने मी तिथलं पुष्कळ ऐकलं. मोठमोठी भाषणं ऐकली, बाकं वाजताना ऐकली, आणि दुपारच्या जेवणानंतरचं घोरणंही ऐकलं.

खुशालरावांना सर्वांत प्रिय होता तो सकाळचा प्रश्नांचा तास. आधी लेखी प्रश्न पाठवायचा, चिठ्ठीत नंबर लागायची वाट पाहायची, आणि नाव पुकारलं की उभं राहून फक्त प्रश्नाचा क्रमांक सांगायचा. मग मंत्री उत्तर वाचतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. नवखे असताना एकदा त्यांना उत्तर मिळालं, की माहिती गोळा करून सभागृहाच्या टेबलावर ठेवण्यात येईल. म्हणजे पुढे कधीतरी कागदोपत्री दाखल होईल, पण बिचारे कितीतरी दिवस येता-जाता त्या टेबलाकडे डोकावत होते. शेजारच्या सदस्यांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू?

आता मूळ गोष्टीकडे येतो. अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये सावरटेक नावाचं लहानसं स्टेशन होतं. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारट लागायचं. त्याने डाळ शिजत नसे आणि तहानही भागत नसे. एका दौऱ्यात माझ्यातलं पाणी संपलं म्हणून खुशालरावांनी मला तिथल्या विहिरीवर भरून घेतलं. एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड कसनुसं झालं. माझ्या कल्हईवर त्या पाण्याचा जो पांढरा डाग पडला, तो चिंच लावून घासला तरी गेला नाही.

पण त्याच सावरटेकच्या फलाटाच्या टोकाला गोडं पाणी होतं! वाफेच्या इंजिनासाठी ते लांबून नळाने आणलेलं. उंच लोखंडी खांबाला एक जाड सोंड होती, तिच्यातून इंजिनाची टाकी भरत. सोंडेतून पाण्याची बारीक धार कायम गळत असे आणि तिच्याखाली बायाबापड्यांच्या घागरी ओळीने मांडलेल्या असत. ओळीत सर्वांत पुढे असायची चतुराबाई. स्टेशनाला लागून असलेल्या बौद्धपुऱ्यात तिचं घर होतं आणि तिचा नवरा देवमन त्याच सोंडेचं चाक फिरवून इंजिनांना पाणी देण्याच्या कामाला होता. ते दृश्य पाहून खुशालरावांचं मन कळवळलं. मी त्यांच्या हातात होतो, त्यांची बोटं माझ्या गळ्याभोवती आवळलेली मला कळली. माणसाने इंजिनाचं उष्टं प्यावं, हे त्यांना सहन होईना. या गावाला स्वतःचा नळ मिळवून देईन, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चतुराबाई मात्र घागर बदलण्यात गुंतली होती.

त्यानंतर सावरटेकचा नळ हा खुशालरावांचा ध्यासच झाला. दर अधिवेशनात त्यांनी तो प्रश्न लावला. उत्तर यायचं, मागणी विचाराधीन आहे. पुढच्या वेळी यायचं, गावाला पाणी देणं राज्य सरकारच्या अखत्यारीत येतं. खुशालराव उपप्रश्न विचारायचे, मागून कुणीतरी 'बसा, बसा' म्हणायचं, आणि पुढचा प्रश्न पुकारला जायचा. त्यांचा घसा कोरडा पडे. मग ते माझं झाकण फिरवत आणि गटागटा पीत. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान वाटत असे.

पुढे खर्चाची तपासणी करणाऱ्या एका समितीवर त्यांची नेमणूक झाली. तिथे खात्याचे अधिकारी समोर बसत आणि सदस्य त्यांना फैलावर घेत. मी टेबलावरच असे, त्यामुळे त्या दिवसाचं सगळं मला स्पष्ट आठवतं. एक अधिकारी मोठ्या कौतुकाने समजावून सांगत होते, की खाऱ्या पाण्याने इंजिनाचा बॉयलर खराब होतो, म्हणून इतक्या लांबून नळ टाकावा लागला. खुशालराव ताडकन उठले.

"बॉयलरला चालत नाही ते पाणी माणसाच्या पोटाला चालतं काय?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी ती सोंड, ती गळकी धार, त्या घागरी, सगळं तपशिलाने सांगितलं. अख्खं गाव त्या गळक्या थेंबांवर जगतं, असं त्यांनी ठासून सांगितलं. अध्यक्षांनी त्यांची पाठ थोपटली. लघुलेखकाने शब्दन् शब्द उतरवून घेतला. त्या रात्री खुशालराव पोटभर जेवले आणि शांत झोपले.

समितीचा अहवाल आला. नळाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पुढच्या प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्यांनी प्रसन्न चेहऱ्याने वाचून दाखवलं, की सन्माननीय सदस्यांनी समितीत निदर्शनास आणलेली सावरटेक येथील पाण्याची गळती पूर्णपणे बंद करण्यात आली असून, होणारी नासाडी थांबली आहे. बाकं वाजली. दोघांनी मागे वळून खुशालरावांचं अभिनंदनही केलं. ते उभे होते ते तसेच उभे राहिले.

अधिवेशन संपताच ते सावरटेकला उतरले. सोंडेखालची फरशी कोरडी पडली होती. चतुराबाई घराच्या दारात निवडायला बसली होती. तिने उठून चटई टाकली. खुशालरावांनी बसता बसता सांगायला सुरुवात केली, की ती तुटकी सोंड दुरुस्त होईल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, त्यांनी नळ मागितला होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"थे तुटलं नोतं जी," ती म्हणाली. "देवमन चाक पुरं आवळतच नोता. आमच्या पोराइसाठी ढिलं ठेवे. साऱ्या टेसनाले मालूम होतं, पन कोनी बोलत नोतं. आता त्याले मेमो भेटला."

खुशालराव पुटपुटले, की ते पुन्हा प्रश्न लावतील, हा विषय सोडणार नाहीत.

"आता नका इचारू, सायेब," चतुराबाई हात जोडून म्हणाली. "दिल्लीत साऱ्याइले इचारलं तुमी. मले आंधी इचारलं असतं, त मी म्हंतलं असतं, गळू द्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.

पुढच्या अधिवेशनात आधीच पाठवलेला एक प्रश्न त्यांच्या नावावर निघाला. नाव पुकारलं गेलं. मी पायाशी होतो. ते उठले नाहीत. पुन्हा एकदा पुकारलं, मग पुढचा क्रमांक घेतला. बासष्टची निवडणूक त्यांनी लढवली नाही. जमुनाबाईंनी मला चिंचेने घासलं, फडक्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, मला घासा, कल्हई करा, असं मी सांगणार नाही. पितळ आपलं आपण टिकतं. तुम्ही मोठे व्हाल, चांगल्या मनाचे व्हाल, आणि कुणाचं तरी दुःख चारचौघांत मांडायला उभे राहाल. अवश्य राहा. पण त्याआधी ज्याचं दुःख आहे त्याच्या दारात जाऊन बसा आणि त्याला विचारा, की मी हे बोलू का? खुशालराव मनाने फार चांगले होते. म्हणून तर सावरटेकची पोरं खारं पाणी प्यायला लागली.