न मोजलेली आग

कचऱ्याच्या डोंगरावरच्या गॅस प्लांटात थोरलीला नऊ वर्षं झाली होती. डोंगरात खोल पुरलेल्या नळ्यांतून पंख्याने गॅस ओढायचा, उंच लोखंडी धुराड्यात जाळायचा आणि दर तासाला आकडे नोंदवायचे, हे तिचं काम. हवेत जाण्याआधी जाळलेल्या गॅसवर कंपनीला विकता येणारी कार्बन क्रेडिट मिळायची आणि त्यांच्यावरच प्लांटचा गाडा चालायचा.

तिचे वडील, आबा, यांनी उभी हयात याच डोंगरावर कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या केलेल्या. आता पायथ्याच्या बावीस घरांच्या रांगेत ते एकटे राहायचे. "मी याला खाऊ घातलं," ते शेजाऱ्यांना सांगायचे, "आणि माझी लेक याचे ढेकर विकते!"

त्या वर्षी धुराड्यातला तापमापक बिघडला. आग भडभडून पेटलेली असायची, जवळ गेलं की भुवया शेकायच्या. पण पडद्यावर तीनशे अंशांच्या वर आकडा सरकेना. आणि नियम असा, की ज्या तासाला तापमान पाचशेच्या खाली, त्या तासाला गॅस जळलाच नाही असं धरायचं. थोरलीने तीनदा लेखी कळवलं. नवा तापमापक आला तो अकरा आठवड्यांनी.

क्रेडिटसाठीच्या वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी प्लांटचे साहेब तिच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटलं.

"आग होती ना?"

"होती की."

"मग आकडे तेवढे सरळ कर. खरं तेच लिहायचंय, थोरले. यात पाप कसलं?"

ती दुपारभर संगणकापुढे बसली. एका ओळीत सहाशे बारा लिहिलं आणि खोडलं. सहाशे बारा आलं कुठून, असं कुणी विचारलं तर सांगायचं काय? आग खरी होती, पण हा आकडा तिच्या डोक्यातून निघाला होता. तिने सगळं होतं तसंच ठेवलं.

तपासनीस बाई पोक्त, हळू बोलणाऱ्या. त्यांनी कागद दोनदा चाळले.

"आग तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"या दोन डोळ्यांनी."

"डोळ्यांना प्रमाणपत्र नसतं हो," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते जड गेलं असावं. "तुम्ही आकड्यांना हात लावला नाहीत, हे मात्र मी अहवालात लिहीन."

तसं त्यांनी लिहिलं. अकरा आठवडे शून्य धरले गेले. कंपनी आधीच काठावर होती. दोन महिन्यांत कंपनीने गाशा गुंडाळला. शेवटच्या दिवशी साहेबांनी स्वतः पंखा बंद केला. "हरिश्चंद्राची नात," एवढंच ते पुटपुटले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

गॅसला कुणी ओढेना, तेव्हा तो आपली वाट शोधत जमिनीखालून निघाला. थंडीत एका सकाळी आबांच्या शेजारच्या शिंपीणमावशींनी चहासाठी काडी ओढली आणि फरशीच्या फटींतून जाळ सरसरत भिंतीपर्यंत गेला. मावशी वाचल्या. दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत भाजले. संध्याकाळच्या आत पालिकेने बावीसही घरं रिकामी करवली. आबा दोन पिशव्या घेऊन थोरलीकडे आले आणि डोंगर दिसणाऱ्या खिडकीला पाठ करून बसू लागले.

चार दिवस तिने कळ काढली. पाचव्या दिवशी जेवताना बोलून गेली, "आबा, मी आकडे बदलले असते, तर पंखा चालू राहिला असता."

आबांचा घास हातातच राहिला.

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? आणखी वर्षभर तरी."

ताट बाजूला सारत ते म्हणाले, "शिंपिणीला हे सांगू नकोस."

ती रोज दवाखान्यात जाऊन मावशींना चमच्याने सूप पाजायची. त्यांना दुसरं कुणी नव्हतं. "पोटची पोर करणार नाही एवढं करतेस गं," मावशी म्हणायच्या आणि थोरली खाली बघत पुढचा चमचा भरायची. नवव्या दिवशी तिने चमचा खाली ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तापमापक, साहेब, सहाशे बारा.

 मावशी आपल्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, सुई धरता यायची नाही."

"मावशी..."

"तुझं चुकलं असं म्हणत नाही मी. म्हणता येत नाही, हाच जाच आहे." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा आता. उद्या आबांना पाठव."

दुसऱ्या दिवशी आबा गेले. थोरली दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्यांच्यासोबत आली, सुपाचा डबा तिने त्यांच्या हातात दिला आणि ते बाहेर येईपर्यंत रस्त्याकडेला उभी राहिली. पुढचे सगळे दिवस तिने तेच केलं.