राणीची फणी

जुन्या राजधानीतलं ते वस्तुसंग्रहालय मी न पाहताच पाठ केलं होतं. कुठल्या दालनात काय, जिने कुठे, पिण्याचं पाणी कुठे, सगळं. जीव मात्र अडकला होता शेवटच्या दालनातल्या राणीच्या हस्तिदंती फणीत. तरुणपणी एका पुस्तकात तिचं नखाएवढं चित्र पाहिलं, तेव्हापासून ती एकदा डोळ्यांनी बघायची होती. म्हातारपणी योग आला, तो बायको, मेव्हणी आणि साडू यांच्यासकट.

साडू मोठ्या आवाजाचे गृहस्थ. सकाळपासून किल्ला, राजवाडा, सगळ्याची माहिती ठोकून देत होते. एका दगडी थडग्यापाशी ते म्हणाले, "हा हौद. इथे घोड्यांना पाणी पाजायचे." आजूबाजूच्या चार लोकांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आपलंच चुकत असेल, असं मला नेहमी वाटतं.

जेवणं लांबली आणि संग्रहालयात पोचेपर्यंत दुपार कलली. पाचला फणीचं दालन बंद होणार होतं. बाकीचे तोफांपाशी रमले, तसा मी एकटाच पुढे सटकलो. पण मूर्तींच्या दालनात रखवालदाराने गाठलं.

"काका, तुम्ही सज्जन दिसता. या खुर्चीत जरा बसता का? चहा मारून आलोच."

नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. मी बसलो. त्याने आपली टोपी माझ्या हातात कोंबली आणि तो गेला. ती कुठे ठेवावी कळेना, म्हणून डोक्यावर ठेवली.

लगेच एका बाईंनी विचारलं, "दादा, पाणी कुठे मिळेल?"

"जिन्याखाली, डावीकडे."

मग कुणी विचारलं, या राजाचं नाक कुणी तोडलं? मी सांगू लागलो. लोक थांबले. एकाने तर मागच्यांना गप्प केलं. माझं बोलणं ऐकायला माणसं उभी राहिली, हे आयुष्यात प्रथमच घडत होतं. मी त्या राजाच्या आजोबांपासून सुरुवात केली. घड्याळाकडे पाहिलंच नाही.

तेवढ्यात एक गृहस्थ दगडी सिंहाच्या जबड्यात हात घालून फोटोसाठी उभे राहिले.

"हात काढा!" मी गरजलो.

"सॉरी साहेब, सॉरी," म्हणत त्यांनी हात मागे घेतला आणि वळून पाहिलं. ते साडू होते.

"अहो, तुम्ही?" ते म्हणाले.

त्यांच्यामागून बायको पुढे आली. "हे काय सोंग?"

"तो चहाला गेलाय."

"आणि तुम्ही बसलात! फणी पाहिलीत?"

मी नकारार्थी मान हलवली. पाच वाजायला थोडाच अवकाश होता.

"लग्न झाल्यापासून त्या फणीचं ऐकतेय मी. उठा. टोपी द्या इकडे."

ती खुर्चीत बसली आणि दालनात एकदम शांतता पसरली. मी गुडघे सांभाळत धावलो. शेवटच्या दालनातले दिवे मालवायला सुरुवात झाली होती.

"एकच मिनिट," मी म्हणालो. चक्क म्हणालो.

फणी तळहाताएवढी होती. त्या क्षणी मनात काय यावं, हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. एवढंच दिसलं, की तिचे दोन दात तुटले होते आणि तुटलेल्या जागा वापरून वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. निदान मी वाचलेल्या तरी.

परत आलो तर बायको खुर्चीत, रखवालदार तिच्यासमोर खाली मान घालून उभा, आणि साडू हात पाठीमागे बांधून लांब भिंतीशी.

बसमध्ये साडूंनी विचारलं, "एवढं काय होतं हो त्या फणीत?"

"दोन दात तुटलेत. तरी राणी तीच वापरायची."

"कशावरून?"

एरवी मी इथे गप्प बसलो असतो. "तुटलेल्या जागा झिजल्यात, त्यावरून. आणि सकाळचा तो हौद नव्हता. थडगं होतं."

साडू खिडकीबाहेर बघू लागले. "मग भाऊजी, घोडे?" बायकोने विचारलं आणि मेव्हणी फसकन हसली.

मी बायकोकडे पाहिलं. रखवालदाराची टोपी अजून तिच्या डोक्यावरच होती. परत मागायची त्याची हिंमत झाली नसावी.