अंजनातला लंगडा मुलगा

पालैयडी छावणीत पाण्याच्या टँकरला लागत नसे एवढी रांग शुक्रवारी वेलुसामीच्या तंबूपुढे लागायची. टँकरच्या रांगेत निदान भांडणं तरी व्हायची. इथे दीडशे बायका भर उन्हात गपगुमान उभ्या असत, पदराखाली काहीतरी घट्ट धरून. कुणाच्या हातात फोटो, कुणाच्या हातात दूधपावडरीचा डबा, कुणाच्या मुठीत उरलंसुरलं सोनं. लढाई संपून तीन महिने झाले होते. घरं गेली, गुरं गेली, त्यांचं रडून झालं होतं. आता एकेकीला एकच विचारायचं होतं: माझं माणूस जिवंत आहे का?

छावणीत त्याचं उत्तर फक्त वेलुसामी देत असे. त्याच्या तंबूत मुरुगन देवाचा पितळी भाला रोवलेला होता आणि भाल्याच्या टोकाला लिंबू. सामी विड्याच्या पानाला काळं अंजन फासायचा, पान उन्हाकडे धरायचा आणि डोळे बारीक करून त्यात बघायचा. लढाईआधी तो बसस्टँडवर लॉटरीची तिकिटं विकायचा, आणि ते त्याच्या बोलण्यातून अजून गेलं नव्हतं.

"बघा, बघा, उघडतंय," तो म्हणायचा. "धुकं आहे. धुकं सरतंय. कोण येतंय? हिरवा सदरा. उजव्या भुवईवर व्रण. आई, ओळखलंस का?"

ओळख पटली की आई मटकन खाली बसायची आणि रांगेतून "अरोहरा, अरोहरा" असा देवाच्या नावाचा गजर उठायचा. सामीची अट साधी होती. मंगळवारी नाव आणि तंबूचा नंबर सांगून जायचं आणि शुक्रवारी उत्तराला यायचं. एवढ्या माणसांतून एकाला हुडकायचं तर मुरुगनलाही तीन दिवस पायपीट करावी लागते, असं तो सांगे. देवाच्या पायांची ही काळजी लोकांना फार भावली होती.

त्या शुक्रवारी अकरावा नंबर पुनितवतीचा होता. नवरा सहा वर्षांपूर्वी सर्प चावून गेलेला. मागे राहिला एकुलता एक मुलगा सेंदूरन, तोही लढाईच्या शेवटच्या आठवड्यात हरवलेला. आठच दिवसांपूर्वी तिने चौकशीच्या तंबूत त्याच्या नावाचा अर्ज भरला होता. असे अर्ज इस्पितळांच्या आणि इतर छावण्यांच्या याद्यांशी ताडून पाहिले जात.

सामीने पान वर धरलं. "से... सेंदूरन. तेरा वर्षांचं लेकरू. डावा पाय ओढत चालतंय. एका भल्या घरी आहे, आई. पोटभर जेवतंय. जिवंत आहे."

"अरोहरा," मागच्या बायका म्हणाल्या.

"आता अठ्ठेचाळीस दिवसांचं व्रत," सामी म्हणाला. "देव शोधतोय तोवर कुठे चौकशी करायची नाही, कुठल्या कचेरीत जायचं नाही, कागद भरायचा नाही. माणसांना विचारलंस तर देव रुसेल. पुढच्या शुक्रवारी तुझी ताली घेऊन ये. ती वितळवून या भाल्याला चढवायची."

ताली म्हणजे तिचं मंगळसूत्र. लढाईतून पळत वाटेतली तळी ओलांडताना तिने भांडीकुंडी फेकली, पण ते जपून आणलं होतं. पुनितवतीने मान हलवली आणि ती बाहेर आली. जिवंत आहे, हा शब्द ऐकून तिच्या अंगात तीन महिन्यांत पहिल्यांदा ऊब आली होती. आणि त्याच्याच शेजारी काहीतरी टोचत होतं.

सेंदूरन सतरा वर्षांचा होता. त्याचे दोन्ही पाय धडधाकट होते. आठशे मीटरच्या शर्यतीत तो जिल्ह्यात दुसरा आला होता. तेरा वर्षं आणि लंगडा पाय हे तिनेच अर्जात लिहवून घेतलं होतं. वन्नीच्या त्या लढाईच्या मुलखात जवान पोराचं खरं वय सांगायची सोय कधी राहिलीच नव्हती. लढाई चालू होती तेव्हा पोराला बंदूक धरायला कुणी उचलून नेईल ही भीती, आणि संपल्यावर बंदूक धरली म्हणून कुणी उचलून नेईल ही. लंगड्या तेरा वर्षांच्या मुलाकडे कुणी बघणार नाही, एवढाच हिशोब तिने केला होता.

शेजारच्या तंबूतल्या वसंतादेवीला तिने हळूच हे सांगितलं. वसंतादेवीची मुलगी कुमुदिनी हरवली होती.

"अगं, एवढंच ना?" वसंतादेवी म्हणाली. "मुरुगन काय तुझ्या-माझ्यासारखा अडाणी आहे? दीडशे माणसांत खरं वय सांगेल? तुझं गुपित राखलं त्याने. माझ्या कुमुदिनीला सामी 'लग्न झालेली पोर' म्हणाला. कुठलं लग्न? पोरीला कुणी नेऊ नये म्हणून मीच तसं लिहवलं होतं. देवाला सगळं कळतं गं."

"खरंच असं असेल का, अक्का?"

"मग काय तर. डोळे पूस, चूल पेटव."

पुनितवतीला ते पटलं नाही, पण पटावं असं फार वाटत होतं. दोन दिवस तिने पटवून घेतलं. तिसऱ्या दिवशी मनोन्मणी टीचर तंबूंची ताडपत्री तपासायला आल्या. टीचर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. आता त्या या गटाच्या प्रमुख होत्या, म्हणजे टँकरची पाळी लावायची, संडास धुण्याची पाळी लावायची आणि दोन्हींवरून शिव्या खायच्या.

"टीचर, देवाला आपण लिहिलेलं खोटं खरं वाटू शकतं का?" पुनितवतीने विचारलं.

टीचर ताडपत्रीची दोरी सोडून खाली बसल्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "हे तेरा वर्षं आणि लंगडा पाय, कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मला आणि अर्ज लिहिणाऱ्या नेसराजा तंबीला."

"अर्जाच्या प्रती किती?"

"तीन. एक माझ्यापाशी आहे. एक तिथल्या पेटीत, किल्ली नेसराजाच्या गळ्यात. एक शहराला जाते."

"मग सामीला चौथी कुठून मिळाली?" टीचर एकदम म्हणाल्या, "तीन कागदांच्या मधे काय घालतो नेसराजा?"

"काळा कागद."

"कार्बन." टीचरांनी कपाळाला हात लावला. छावणीत ब्लँकेटं अर्ध्या लोकांना पुरली नव्हती, कार्बन मात्र पेट्या भरभरून आला होता. म्हणून नेसराजा दर अर्जाला कोरा कार्बन वापरायचा आणि काम झालं की टोपलीत टाकायचा. एकदाच वापरलेला कार्बन उन्हात धरला तर अक्षर न् अक्षर वाचता येतं. "आणि ती टोपली रोज कोण उचलतं? रासय्या. सामीचा भाला पुसणारा रासय्या. कुणी न सांगता चौकशीचा तंबू झाडतो म्हणून मागच्या बैठकीत मीच त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. छावणी मी सांभाळते म्हणे."

पुनितवतीने आपली अर्जाची प्रत काढून टीचरांपुढे धरली.

"शुक्रवारी मी लोकांना कार्बन दाखवेन," टीचर म्हणाल्या. "पण लोक म्हणतील, टीचर नास्तिक, तिचं काय ऐकायचं. तू बोललीस तर ऐकतील. बोलशील?"

"नाही."

"का?"

"सेंदूरन सतराचा आहे असं चारचौघांत सांगू? आणि टीचर, तो जिवंत आहे असं सामी म्हणाला. तुम्ही म्हणाल का?"

"नाही म्हणू शकत."

"मग?"

टीचर दोरीला गाठ मारू लागल्या. "खरं वय सांगून धोका नाही असं मी म्हणणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मला ठाऊक नाही. पण एवढं ठाऊक आहे की इस्पितळाच्या यादीत, पकडलेल्यांच्या यादीत, सगळीकडे तुझा मुलगा सतरा वर्षांचा असेल. तेरा वर्षांचा लंगडा मुलगा कुठेच सापडणार नाही, पुनितवती. तो नाहीच."

शुक्रवारी पुनितवती ताली घेऊनच रांगेत उभी राहिली. टीचरांना फसवायचं तिच्या मनात नव्हतं आणि सामीला उघडं पाडायचंही नव्हतं. तिला फक्त आणखी एकदा ऐकायचं होतं. आईच्या या भुकेवरच असली दुकानं चालतात, आणि त्याबद्दल आईला हसावं असं मला कधी वाटलं नाही.

सामीने ताली बघितली आणि त्याला चांगलाच हुरूप आला. पान त्याने आज जास्तच उंच धरलं.

"आला, आला. दाराशी आला. लंगडत लंगडत येतोय बिचारा. 'अम्मा, अम्मा' म्हणतोय. आई, तुला दिसतोय का?"

पुनितवतीने डोळे मिटले. तिला खरोखरच एक मुलगा दिसला. बारका, पाय ओढत येणारा, अम्मा म्हणणारा. तो तिचा नव्हता. त्याचा चेहरा तिने कधीच पाहिला नव्हता. या परक्या पोरासाठी ती सोनं देत होती, व्रत धरत होती, आणि तिच्या स्वतःच्या पोराला या जगात कुणीही शोधत नव्हतं. तिने मूठ मिटून घेतली.

"हा माझा मुलगा नाही," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"माझा सेंदूरन सतरा वर्षांचा आहे. लंगडा नाही. शर्यतीत पळायचा. तेरा वर्षं आणि लंगडा हे मी भीतीपोटी अर्जात लिहवलं होतं. ते खोटं त्या अर्जाशिवाय दुसरीकडे कुठेच नाही, सामी. तुम्हाला कुठे दिसलं?"

रांगेत चुळबूळ झाली. सामी मुरलेला होता, तो डगमगला नाही. "वेडे, देवाने तुझं गुपित राखलं आणि तूच ते फोडलंस?"

"फोडलं. आता राखायला काही उरलं नाही. आता खरं सांगा. त्याच्या अंगावर जन्मखूण कुठे आहे? ती मी कागदावर लिहिली नव्हती."

सामीने पान जवळ घेतलं, लांब धरलं. "धुकं आलंय. मंगळवारी नाव दे, मग..."

मागून कुणीतरी हसलं. मग एक म्हातारी म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव मी अर्जात त्याच्या काकाचं लावलं होतं. सामी त्याच नावाने हाक मारत होता." दुसरी म्हणाली, "मीसुद्धा वय चोरलं." जी ती आपलं खोटं पुढे ठेवू लागली. इतके दिवस प्रत्येकीला वाटलं होतं, देवाने फक्त आपलंच गुपित राखलं.

तेवढ्यात टीचर पुढे आल्या. सकाळीच त्यांनी आणि नेसराजाने रासय्याला कचऱ्याच्या खड्ड्याजवळ पिशवीसकट गाठलं होतं. त्यांनी पिशवीतून एक काळा कागद काढला आणि सामीसारखाच उन्हाकडे धरला.

"वसंतादेवी अक्का, तुम्हाला वाचता येतं. वाचा."

वसंतादेवीने मान वर केली. काळ्यातून पांढरी अक्षरं दिसत होती. "कुमुदिनी," ती वाचू लागली. "वय एकोणीस. विवाहित." तिथे तिचा आवाज थांबला. सामीला लोकांनी घेरलं होतं, कुणी भाला उपटत होतं, रासय्या हातापाया पडत होता. वसंतादेवीचं त्याकडे लक्ष नव्हतं.

"टीचर," ती म्हणाली, "मग ती जिवंत आहे, हे पण कागदावरचंच?"

"ते कागदावर नव्हतं, अक्का. ते त्याने पदरचं घातलं."

"मग ती आहे की नाही?"

"मला ठाऊक नाही. त्यालाही नाही." टीचर रांगेकडे वळल्या. "बायांनो, ज्याला ठाऊक नसतं आणि जो ठाऊक नाही असं सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. एखादा सगळं ठाऊक आहे म्हणाला, तर आधी विचारा, तुला कुणी सांगितलं? हे विचारल्याने कुठलाही देव रुसत नाही. रुसतो तो फक्त दुकानदार."

छावणीच्या अधिकाऱ्यांनी सामीला आणि रासय्याला नेलं. सोनं ज्याचं त्याला परत मिळालं. नेसराजा त्या दिवसापासून वापरलेला कार्बन स्वतःच्या हाताने जाळू लागला. वसंतादेवी पुढे कित्येक दिवस पुनितवतीशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं कुणाला म्हणता आलं नसतं. मुलगी जिवंत असल्याचे तिचे चार दिवस पुनितवतीने हिरावून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनितवती चौकशीच्या तंबूत जाऊन बसली. नेसराजाने नवा अर्ज घेतला.

"वय?"

"सतरा."

"पाय?"

"दोन्ही चांगले. जन्मखूण पाठीवर, उजवीकडे."

त्याने लिहिलं. मग जुना अर्ज चाळून तो म्हणाला, "अक्का, शेवटचं कुठे पाहिलं, ही ओळ मागच्या वेळी तुम्ही कोरी सोडली होती."

तिच्या मागे आणखी बायका येऊन उभ्या राहत होत्या, आपापले अर्ज हातात घेऊन. पुनितवतीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"कांजी वाटत होते, त्या रांगेत," ती म्हणाली. "बाहेर तोफा चालू होत्या. तो जात नव्हता. भूक नाही म्हणाला. मीच पाठवलं."

नेसराजाचं पेन थांबलं. "हे असंच लिहू, अक्का? नुसतं 'रांगेत' लिहिलं तरी चालेल."

"नको," ती म्हणाली. "झालं तसंच लिही."