भूमिदेवाच्या नाण्याची नोंदणी

सकाळी आठ वाजता आमच्या तैवानी बंदरगावातल्या भूमिदेवाच्या देवळासमोर एवढी गर्दी होती, की कालवं सोलणाऱ्या बायका रबरी हातमोज्यांसकट आल्या होत्या. मीही होतो. फक्त बघायला आलोय, असं मी शेजारच्याला सांगितलं. तोही फक्त बघायलाच आला होता. त्याच्या खिशातून बँकेचं पासबुक डोकावत होतं.

पायरीवर ज्वांग गुरुजी उभे. पांढरे बूट, तीन मोबाइल. ‘भूमिदेव कॉईन’ ही त्यांची निर्मिती. ते हातात येत नसे. फोनमध्ये दिसे आणि रोज वाढे. विकू नका, असं गुरुजी सांगत, म्हणून कोणी विकून पाहिलं नव्हतं.

“तैपेईत नवा कायदा आलाय,” गुरुजी म्हणाले. “आभासी चलन विकायचं तर सरकारदरबारी नोंदणी करा, नाहीतर तुरुंगात जा. मला विचारतात, तुमची नोंदणी कुठाय? अहो, माझी नोंदणी त्या साहेबांच्याही वरच्या मजल्यावर झालीय. देवालाच विचारा.”

विचारायला कौल होताच. एका अंगाने सपाट, दुसऱ्याने फुगीर अशा दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक पालथी, एक उताणी पडली की देव हो म्हणाला. सोयरिकीपासून स्कूटरच्या रंगापर्यंत आमचं सगळं असंच ठरतं. सलग तीन होकार म्हणजे पक्कं. गुरुजींनी आणलेल्या चंद्रकोरींनी सलग नऊ दिले. तेही आ-मान मावशीच्या हातून. प्रश्न तेवढे गुरुजींचे.

आ-मान मावशी बंदरावर कालव्यांचं ऑम्लेट विकते. तिने छातीशी एक पिशवी धरली होती. प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लाय बाई तिच्याजवळ आल्या. निम्म्या गावाचे कान त्यांनी लहानपणी पिरगाळलेले.

“मावशी, पिशवीत काय आहे?”

“घर.”

“मावलं?”

“कागद मावले. दुपारी बँकेत गहाण टाकते आणि सगळ्याचं कॉईन घेते. नऊ कौल, बाई, माझ्या या हाताने. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात मला नऊदा हो म्हटलं नव्हतं.”

लाय बाई पायरीकडे गेल्या. “गुरुजी, मी एक कौल लावते.”

“देवाची परीक्षा घेताय?”

“छे, नुसतं विचारतेय. देवळात सगळेच विचारतात.”

गर्दीसमोर नाही म्हणणं अवघड होतं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि रीतीप्रमाणे देवाला आपलं नाव, जन्मतारीख, पत्ता, ओळखपत्राचा नंबर सगळं सांगितलं. मग मान वळवून म्हणाल्या, “गुरुजी, देव मला जन्मापासून ओळखतो, तरी एवढं सांगावं लागतं. तुम्हाला आम्ही मंगळवारपासून ओळखतो. तुमच्या कंपनीचा पत्ता?”

“आभासी जगात पत्ता सर्वत्र असतो.”

“म्हणजे कुठेच नाही.” बाईंनी चंद्रकोरी उचलल्या. “भूमिदेवा, हा गृहस्थ लबाड आहे का?”

होकार.

पुन्हा विचारलं. होकार. तिसऱ्यांदाही होकार. कालववाल्या बायकांनी हातमोजे काढले.

“देव विनोद करतायत,” गुरुजी म्हणाले.

“तेही विचारू. देवा, विनोद करताय?” होकार. “का गंभीरपणे सांगताय?” होकार. “मी खेकडा आहे का?” होकार.

“आमच्या सासूबाई स्वर्गात गेल्या का, विचारा,” मागून कोणीतरी म्हणाली.

होकार.

“मग हे खोटंच आहे,” ती म्हणाली.

बाईंनी एका कालववालीकडून कालवं फोडायची सुरी घेतली आणि दोन्ही चंद्रकोरी उकलल्या. आत मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसले शिशाचे गोळे. एकीत सपाट अंगाला, दुसरीत फुगीर अंगाला.

“जड बाजू खाली जाते. म्हणून एक कायम पालथी, दुसरी कायम उताणी. यांना नाही म्हणताच येत नाही.”

“पण आकडा तर वाढतोय,” मावशी अजून फोनकडेच बघत होती. बुधवारी तिने चाचणीपुरते हजार तैवानी डॉलर भरले होते, त्याचे पाच हजार दिसत होते.

“शंभराचं विकून बघा.”

मावशीने बोट टेकवलं. ‘ही सेवा लवकरच सुरू होईल,’ असं उमटलं. तिने पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच.

“आकडा लिहिणारे हेच,” बाई म्हणाल्या. “आणि सरकारी यादीत यांचं नाव नाही, मी रात्रीच पाहिलं. यादीत नाव असलं म्हणजे नफा होतो असं नाही, मावशी. पण घर गेल्यावर तक्रार कोणाच्या नावाने करणार होतात?”

मावशीने फोन खिशात घातला. मग पिशवी शेजारी उभ्या सुनेच्या हाती देऊन म्हणाली, “कपाटात ठेव. किल्ली मला दे.” आणि गुरुजींकडे वळली. “हजार डॉलर काढ. रोख. आभासी मी घेत नाही.”

पोलीस येईपर्यंत गुरुजींना तिथेच बसवून ठेवलं. कोणी हात लावला नाही. फक्त प्रत्येकाने त्यांना त्यांचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायला लावलं. एकूण चाळीसएक वेळा. तीन वेगवेगळे पत्ते निघाले.

मंडळी, कौल लावा, नवस बोला, आमची ना नाही. पण कोणी चमत्कार दाखवून पैसे मागितले, तर त्याला एक असा प्रश्न विचारा, ज्याचं खरं उत्तर ‘नाही’ आहे. तिथेही ‘हो’ आलं, तर पाकीट खिशात ठेवा आणि घरी जा.